पाण्याचे आकडे जुळत नाहीत? भांडण्याआधी भागाकार करा

पाटाचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या पाणी वापर संस्थेच्या ग्रुपवर हमखास एक फोटो पडतो. वर पाटबंधारे कार्यालयाकडून आलेला कागद, खाली चारीचं पाणी मोजणाऱ्या आमच्या पाटकऱ्याची वही, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलेलं असतं : "बघा, पाणी कुठं मुरलं!" मग दिवसभर तेच. कुणी म्हणतं वरच्या अंगाला डोंगळे (चोरून पाणी ओढणारे पाइप) पडलेत, कुणी म्हणतं मोघा (पाणी बाहेर पडायचं तोंड) बुजलाय, कुणी थेट हिशेब ठेवणाऱ्यावर घसरतं. हिशेब ठेवणारा म्हणजे मी.

पाणी चोरीला जातच नाही असं मी म्हणणार नाही, नगर जिल्ह्यात राहून असं म्हणायला तोंड नाही. पण बऱ्याच वेळा पाणी जागेवर असतं आणि आकडा भलत्याच एककात बसलेला असतो. तो कुठल्या एककात घसरला हे शोधायला मी आता एकच गोष्ट करतो. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागतो. जे उत्तर येतं तो त्या चुकीचा ठसा. ३५ आलं तर एक चूक, ३.६ आलं तर दुसरी, २४ आलं तर तिसरी. हे ठसे फार नाहीत, दहा-बारा आहेत, आणि तेच ते पुन्हा पुन्हा सापडतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या पाळीला कुणी विचारलं की हेच पुढे ढकलीन.

भागाकार ३५ च्या आसपास आला

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारी चूक. कागदावर आमच्या चारीचा (पाटाच्या छोट्या फाट्याचा) विसर्ग ०.११३ लिहिला होता, एकक नाही. पाटकऱ्याच्या वहीत ४. "चारातला तिसावा हिस्सासुद्धा दाखवला नाही," असा आरोप झाला. ४ ला ०.११३ ने भागलं, ३५.४ आलं. कागद क्युमेकमध्ये होता, वही क्युसेकमध्ये. पाणी दोन्हीकडे तेवढंच.

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, लिटरमध्ये २८.३१७. क्युमेक म्हणजे दर सेकंदाला एक घनमीटर, लिटरमध्ये पूर्ण हजार. एका क्युमेकमध्ये ३५.३१५ क्युसेक बसतात. डोळ्यांसमोर आणायचं तर २०० लिटरचं निळं पिंप घ्या. एक क्युसेकच्या धारेखाली ते सात सेकंदांत भरतं. एक क्युमेक असेल तर सेकंदाला पाच पिंपं. आमची चार क्युसेकची चारी म्हणजे सेकंदाला ११३ लिटर, दोन सेकंदांच्या आत पिंप तुडुंब.

हीच गोष्ट पुराच्या बातम्यांत होते. २५ जुलै २०२४ ला पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी घुसलं, त्या दिवशी खडकवासल्यातून ३५,५७४ क्युसेकपर्यंत विसर्ग गेला होता. तोच आकडा क्युमेकमध्ये सांगायचा तर १,००७. पाटबंधारे खात्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत क्युसेक चालतं, केंद्रीय जल आयोगाच्या पूरपत्रकात घनमीटर प्रति सेकंद असतं. नदीकाठच्या माणसाने एकीकडे "हजार" वाचलं आणि दुसरीकडे "पस्तीस हजार" वाचलं, तर त्याने घर सोडायचं की चहा टाकायचा?

जाता जाता एक. "दहा हजार क्युसेक प्रति सेकंद वेगाने" असं छापून येतं. क्युसेकच्या पोटातच सेकंद आहे, पुन्हा लावायची गरज नाही. आणि तो वेगही नाही. वेग मीटर प्रति सेकंदात असतो, हा विसर्ग आहे. मला हे वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं, पण ते माझं दुखणं.

३५ चा ठसा साठ्यातही सापडतो, कारण तिथेही फूट आणि मीटर शेजारी बसलेत. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट, दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. शेवटचं अक्षर सोडलं तर दोघं जुळे भाऊ. आमच्याकडे मुळा आणि भंडारदऱ्याचं पाणी दलघफूमध्ये सांगायची रीत आहे. मुळा २६,००० दलघफू, भंडारदरा ११,०३९. त्याच गोदावरी खोऱ्यात खाली जायकवाडी दलघमीमध्ये, एकूण साठा २,९०९. नुसते आकडे शेजारी ठेवले तर मुळा धरण जायकवाडीच्या नऊपट वाटतं. प्रत्यक्षात जायकवाडी मुळेच्या जवळपास चौपट आहे. २,९०९ दलघमी म्हणजे १०२.७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे हजार दलघफू), आणि मुळा २६. वरचे आणि खालचे एकमेकांचे आकडे खोटे का म्हणतात, त्यातलं थोडं तरी उत्तर या 'फू' आणि 'मी'त आहे. बाकीचं उत्तर मोठं आहे, ते इथे नको.

टीएमसीचा आणि क्युसेकचा गोंधळ

इथे भागाकार चालत नाही, कारण दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. टीएमसी, दलघमी, दलघफू, लिटर, एकर-फूट हे साठे. क्युसेक, क्युमेक, लिटर प्रति मिनिट, एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) हे दर. पगार आणि बँकेतली शिल्लक यांची तुलना करून कोण जास्त हे विचारण्यासारखं होतं. मध्ये किती दिवस गेले ते कळल्याशिवाय एकातून दुसऱ्यात जाता येत नाही.

जायला एक पूल पाठ असू द्या. ११,५७४ क्युसेक दिवसभर, म्हणजे पूर्ण २४ तास, चाललं की एक टीएमसी होतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, दिवसात ८६,४०० सेकंद, भागलं की हा आकडा. उलटा धरायचा तर एक लाख क्युसेक दिवसभर गेलं की ८.६४ टीएमसी. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. तिथल्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालली की नदीत २,१०० क्युसेक सोडलं जातं आणि "कोयनेतून पाणी सोडलं" म्हणून ग्रुपवर घंटा वाजते. ते २,१०० दिवसभर चाललं तरी ०.१८ टीएमसी, पाचव्या हिश्शापेक्षा कमी. धरण तेवढ्याने रिकामं होत नाही.

आणि टीएमसीतला 'सी' घनफुटाचा आहे, घनमीटरचा नाही. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. भागाकारात २८.३ दिसलं तर दोनच शक्यता : टीएमसीच्या जागी दलघमी वाचलं, किंवा क्युसेकच्या जागी लिटर प्रति सेकंद.

शहरवाले तिसरीच भाषा बोलतात. मुंबईच्या सात तलावांचा साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असा येतो. आकडा बघून छाती दडपते. एक दशलक्ष लिटर म्हणजे फक्त एक हजार घनमीटर, म्हणजे आमच्या कागदावरचा एक सघमी (सहस्र घनमीटर). म्हणजे सातही तलाव मिळून १,४४७ दलघमी, ५१ टीएमसी. एकटी कोयना त्याच्या दुप्पट.

भागाकार ३.६, ६० किंवा २४

हे तिन्ही घड्याळाचे ठसे.

३.६ ची गोष्ट शेजारच्या वस्तीवरच्या एका काकांची. उसाला ठिबक करायचं होतं. त्यांनी फोन केला, "पंपाच्या पाटीवर साडेसात लिहिलंय, दुकानदार फिल्टर तीसचा म्हणतोय. पंप चौपट मोठा घ्यावा लागंल का रं?" मी म्हटलं, पाटीचा फोटो टाका. पाटीवर साडेसातच्या पुढे लिटर प्रति सेकंद होतं. वाळूच्या फिल्टरवर घनमीटर प्रति तास. लिटर प्रति सेकंदाला ३.६ ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतात. साडेसात गुणिले ३.६ म्हणजे २७. तीसच्या फिल्टरला २७ चा पंप, चांगला जोडा.

मग वावराच्या बाजूनेही तपासलं, कारण पाटीवर विश्वास ठेवायचा नाही अशी मला खोड आहे. पाच फुटी सरी, नळीवर ४० सेंटिमीटरला एक ड्रीपर, ड्रीपर ताशी चार लिटरचा. एका एकरात नळी भरते साधारण २,६५५ मीटर, ड्रीपर ६,६४०. गुणिले चार, ताशी साडेसव्वीस हजार लिटर. म्हणजे साडेसव्वीस घनमीटर. पंप, फिल्टर, वावर, तिन्ही एकाच ओळीत आले. एका वेळी एक एकर, एवढंच काकांना सांगितलं. दोन एकरांचे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर शेवटचे ड्रीपर नुसते ओलसर होतील.

६० चा ठसा पाटीवरच्या इंग्रजी अक्षरांमुळे येतो. एलपीएम, एलपीएच, एलपीएस. शेवटचं अक्षर मिनिट, तास की सेकंद ते सांगतं, आणि ती पाटी गंजलेली असते, नाहीतर त्यावर ऑइलचा थर असतो. अंगठ्याने पुसून शेवटचं अक्षर नीट बघा. तेही जमत नसेल तर बादली घ्या. पंधरा लिटरची बादली दोन सेकंदांत भरली तर साडेसात लिटर प्रति सेकंद. कुठल्याही पाटीपेक्षा हे खरं. एकदा नाही, तीनदा भरा आणि सरासरी काढा. पहिल्या वेळी मोबाइलचं घड्याळ सुरू करायलाच उशीर होतो.

पाटीवर अश्वशक्ती असते आणि लोक तिलाच पाणी समजतात, तेही इथेच सांगून टाकतो. पाच एचपी हा पाण्याचा आकडा नाही. पाच एचपीचा पंप निम्म्या कार्यक्षमतेने तीस मीटर उचलत असेल तर सेकंदाला सव्वासहा लिटर देईल, साठ मीटर उचलत असेल तर जेमतेम तीन. विहीर खोल गेली की तोच पंप निम्मा होतो. एचपीवरून लिटर काढायचं कोष्टक कुणी ग्रुपवर टाकलं आणि त्यात उंचीचा रकाना नसेल, तर ते पुसून टाका.

२४ चा ठसा माझा स्वतःचा आहे, त्यामुळे तो जरा सविस्तर सांगतो. वहीवरून मी एक्सेलवर आलो तेव्हा खूश होतो. एका रकान्यात पाणी सुरू झाल्याची वेळ, दुसऱ्यात बंद, तिसऱ्यात वजाबाकी. सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच, तिसऱ्या रकान्यात झकास ८:०० दिसलं. चार क्युसेक म्हणजे ताशी ४०८ घनमीटर. आठ तासांचे ३,२६० च्या पुढे यायला हवेत. पत्रकात आले १३६. मी दोन रात्री सूत्र तपासत बसलो. शेवटी भागलं, बरोबर २४.

एक्सेल वेळ तासात साठवत नाही, दिवसात साठवतं. पडद्यावर ८:०० दिसत असलं तरी आत ०.३३३ असतं, दिवसाचा तिसरा हिस्सा. तासाच्या प्रवाहाने गुणायचं असेल तर आधी वेळेला २४ ने गुणायला हवं. हे एकदा कळलं की त्याच घरातली आणखी दोन भुतं ओळखू येतात. रात्री दहाला सुरू होऊन सकाळी सहाला बंद झालेलं पाणी वजा करायला गेलात की रकाना नुसता फुल्यांच्या जाळीने भरतो, कारण उत्तर उणे येतं. वेळेसोबत तारीखही त्याच रकान्यात लिहा, प्रश्न मिटतो. आणि तासांची बेरीज २४ च्या पुढे गेली की साध्या वेळेच्या मांडणीत ती पुन्हा शून्यापासून दिसते. सात दिवसांचे १६८ तास पडद्यावर ०:०० दिसले तेव्हा एका सभासदाने विचारलं होतं, "मग पाणीपट्टी कशाची मागता?"

दीड आणि तीन

एककांच्या कुठल्याही जोडीत साधं दीड येत नाही. तीनही नाही. असं गोल उत्तर आलं की कॅल्क्युलेटर खाली ठेवा आणि कोण किती तास मोजतंय ते विचारा.

एका रब्बी आवर्तनात कार्यालयाने आमच्या नावावर ६८.५ सघमी टाकले. आमच्या वहीची बेरीज ४५.७. म्हणजे आमच्यावर जवळपास तेवीस हजार घनमीटर जास्त लादलेत, असा ठराव लिहायची तयारी झाली. भागाकार दीड. सात दिवस रोज २४ तास धरले तर १६८, रोज १६ धरले तर ११२. कार्यालय २४ धरत होतं. आमचा पाटकरी रात्री दहाला घरी जायचा आणि सकाळी सहाला परत गेज (चारीतल्या पाण्याची उंची दाखवणारी पट्टी) वाचायचा. मधले आठ तास वहीतच नव्हते. चारी मात्र रात्रभर चालू होती आणि वरच्या वस्तीवर गहू भिजत होता. कार्यालय बरोबर होतं. ठराव फाडला, पाटकऱ्याला रातपाळीचा जोडीदार दिला.

तीन आला तर बहुतेक वेळा विजेचे आठ तास. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेत हे नेहमी होतं. तीन हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले तर दिवसाला १,६५,००० लिटर लागतात. दिवसाच्या सेकंदांनी भागलं तर सेकंदाला १.९ लिटर. त्या हिशेबाने पंप घेतला आणि थ्री फेज लाइट आठच तास मिळाली, तर टाकी तिसरा हिस्सा भरणार. पंप ५.७ लिटरचा हवा. एमएलडी या एककातच ही मेख आहे. 'दिवस' म्हणताना ते २४ तास गृहीत धरतं, आणि आमचा दिवस रोहित्र जळालेलं नसेल तर आठ तासांचा.

१.२ आणि त्यातला चकवा

१.२ हा गॅलनचा ठसा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ चा, भागाकार १.२०१. आपल्याकडची जुनी पुस्तकं आणि जुन्या पंपांची पत्रकं ब्रिटिश गॅलनमध्ये आहेत, इंटरनेटवरची आयती गणकं बहुतेक अमेरिकन. एका क्युसेकचे अमेरिकन गॅलन प्रति मिनिट ४४९ आणि ब्रिटिश ३७४. नुसतं 'जीपीएम' लिहिलेलं असेल तर पंप कुठल्या देशातला आहे ते आधी बघा.

पण १.२ दिसलं की लगेच गॅलन असं मात्र करू नका. मी तोंडावर पडलोय. एका भावकीतल्या शेततळ्याचा हिशेब होता, ३० बाय ३० बाय ३ मीटर. मालकाच्या मते २७ लाख लिटर, आमच्या मीटरप्रमाणे तळं भरलं तेव्हा सुमारे २२ लाख गेले होते. भागाकार १.२३. मी छातीठोकपणे सांगितलं की मीटर गॅलनचा असणार. मीटर घनमीटरचाच निघाला. तळ्याच्या कडा एकास एक उताराच्या होत्या. वर ३० बाय ३० असलं तरी तळाला २४ बाय २४ उरतं. पोटात मावतात २,१९६ घनमीटर, २७०० नाही. कागदावरच्या चौकोनी तळ्यात आणि वावरातल्या तिरक्या तळ्यात पाच लाख लिटरचा फरक होता. तेव्हापासून १.२ आणि १.२३ यांत मी फरक करतो. एककाचा ठसा दशांशापर्यंत तंतोतंत बसतो, बाकीचे नुसते जवळपास येतात. मोजमापात चूक असू शकते हे धरून एखाद-दोन टक्के सूट द्या, त्यापेक्षा जास्त नको.

दहा, शंभर, हजार

ही शून्यांची चूक. दलघमीतलं 'दल' म्हणजे दशलक्ष, दहा लाख. घाईत त्याला लाख समजलं की दहापट. मीटरच्या तबकडीवर काळे अंक घनमीटरचे आणि लाल अंक त्याच्या खालच्या अंशाचे. लाल अंकही सलग वाचले की शंभर, हजार पट. पाणी वाचवायचं सोडून अंक वाचा, असं मी मीटर बसवताना सगळ्यांना सांगतो.

शून्यं पकडायला भागाकारापेक्षा वावर बरं. एक क्युसेक एक तास चाललं की जवळजवळ एक एकर-इंच होतो, म्हणजे एका एकरावर एक इंच पाणी. ३,६०० घनफूट आणि ३,६३० घनफूट, फरक नावालाच. गुंठ्यात सांगायचं तर एक क्युसेक-तास म्हणजे एक गुंठा एक मीटर खोल. हे बोटावर मोजता येतं. आमच्या त्या सात दिवसांच्या पाळीचे चार गुणिले १६८, ६७२ एकर-इंच. सात नंबरचे, म्हणजे पाणी मागणीचे, अर्ज होते १८० एकरांचे. एकरी पावणेचार इंच, गळती धरून ठीक. त्याच वेळी एका पत्रकात ०.०६८५ दलघमीच्या जागी ०.६८५ पडलं होतं. तसं खरंच झालं असतं तर १८० एकरांत ३७ इंच पाणी उभं राहिलं असतं. कमरेइतकं. गव्हात नाही, होडीत बसायची वेळ.

बोअरचे 'इंच'

हा सगळ्यात चिवट प्रश्न, कारण इथे एककच नाही. "दोन इंच पाणी लागलं" म्हणजे काय, हे दहा जणांना विचारा. काहींच्या मनात दोन इंची पाइप भरून पाणी असतं. पाइपातलं पाणी वेगावर ठरतं, पाइप तोच ठेवून ते निम्मं किंवा दुप्पट होऊ शकतं. मोजणीवाले म्हणतात ते इंच वेगळे. बोअर मारताना वर आलेलं पाणी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ९० अंशांच्या खाचेतून सोडतात आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच चढलं ते इंचात वाचतात.

त्या खाचेचा स्वभाव असा की उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून जास्त होतं. एक इंचाला ताशी साधारण ५१० लिटर. दोन इंचाला २,९००. तीन इंचाला ८,०००. चार इंचाला १६,०००च्या पुढे. म्हणून "एका बोअरला दोन इंच, दुसऱ्याला दोन इंच, मिळून चार इंच" हे गणित चालत नाही. दोन बोअर मिळून ताशी ५,८०० लिटर देतात, चार इंची एकटा १६,००० देतो. भावाभावांत बोअर वाटताना हे गणित चुकलेलं मी पाहिलंय. एकाला चार इंची आला, दुसऱ्याला दोन इंची दोन आले, आणि वाटणी समान झाली म्हणून पेढेही वाटले.

इंच सांगितले तर विचारा, खाचेतले की पाइपातले. खाचेतले असतील तर पट्टी खाचेच्या तोंडाशी धरली होती की थोडी मागे, तेही विचारा. तोंडाशी पाणी खाली वाकलेलं असतं, तिथे वाचलं की कमी येतं.

आकडे नीट धरायची माझी पद्धत

सगळे दर आधी लिटर प्रति सेकंदात आणायचे, सगळे साठे घनमीटरमध्ये. मग काय हवं ते करायचं. क्युसेकला २८.३ ने गुणलं की लिटर प्रति सेकंद. त्याला ३.६ ने गुणलं की घनमीटर प्रति तास, ८६.४ ने गुणलं की घनमीटर प्रति दिवस. चार क्युसेक, ११३ लिटर, ताशी ४०८, दिवसाला ९,७८६, सात दिवसांचे ६८,५०० घनमीटर. ही साखळी मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवली आहे. ज्या आकड्यापुढे एकक नाही तो आकडा मी वहीत घेतच नाही, मग तो कुणीही सांगितलेला असो.

आणि भागाकार यादीतल्या कशाशीच जुळला नाही तर? मग गेज बघायला जायचं. चारीच्या मोजमाप-कुंडीवर पाण्याची उंची दहा टक्के जास्त वाचली गेली तर विसर्ग पंधरा टक्के जास्त दिसतो, कारण तिथेही उंचीच्या दीड घाताने पाणी वाढतं. गेजची पट्टी शेवाळलेली असेल, कुंडीत गाळ असेल किंवा कुणी खाली दगड-माती आडवी घालून पाणी तुंबवलं असेल, तर कोष्टक काहीही सांगेल. आधी ते साफ करायचं, मगच बोलायचं.

गेल्या आवर्तनात चारीच्या तोंडाला ४ क्युसेक आणि शेपटाच्या गेजला ३.०५ आलं. भागाकार १.३१. यादीत नाही. घड्याळ तपासलं, गेज घासला, कुंडी मोकळी होती. मातीच्या चारीत आमच्याकडे नेहमी ०.२ क्युसेक मुरतं, ते सोडलं तरी पाऊण क्युसेक उरत होतं, सेकंदाला २१ लिटर. रात्री साडेअकराला बॅटरी घेऊन मी आणि पाटकरी कडेकडेने चालत गेलो. दुसऱ्या वळणावर वेड्या बाभळीच्या आड चार इंची काळे पाइप, दोन. पलीकडच्या सरीत बादली लावून बघितली. पंधरा लिटर दीड सेकंदाच्या आत. एकेका डोंगळ्याचे दहा-साडेदहा लिटर.

पाइप ज्याचे होते त्याच्या दारात सकाळी चहा घेतला आणि तिथेच विषय मिटवला, ग्रुपवर काही टाकलं नाही. दुपारी शेपटाला ३.८ वाचलं.